मदत हवी आहे: शाळेच्या कँटीनच्या यादीतून नक्की काय काढायचं? (इंदूर, सोमवारपर्यंत)

सईची आई | शुक्रवार, रात्री ९:१२
सोमवारी सकाळी यादी द्यायची आहे आणि जिथे शोधावं तिथे "मुलांना संतुलित आहार द्या" एवढंच लिहिलेलं. ते कळतं हो! नियमाप्रमाणे कँटीनमध्ये काय चालतं आणि काय नाही, याची तयार यादी कुणाकडे आहे का? पोहे चालतात का? समोसा? पाकिटातलं ताक? शिवाय ते शुगर बोर्डाचंही (शाळेत लावायचा साखरेच्या माहितीचा फलक) राहिलंय.
लिंका नकोत, यादी हवी. आणि सरकारने लोकांच्या ताटात डोकवावं की नाही, ही चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर करा.

तराजू | ९:३०
अर्धीच माहिती दिलीत. बोर्ड कुठलं, सीबीएसई की एमपी बोर्ड? शिजवतात तिथेच, की डबे बाहेरून येतात? खाद्य परवाना शाळेच्या नावावर की ठेकेदाराच्या? मुलं किती?

उगाचच | ९:३४
शेवटच्या ओळीमुळे आता ती चर्चा इथेच होणार. जागा धरून बसतो.

पिंपळपार | ९:४१
साधं आहे. साखर बंद, गूळ सुरू. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गुळाचं सरबत. पूर्वी हेच खायचे सगळे.

नेमस्त | ९:५८
ताई, तयार यादी मिळणार नाही, कारण केंद्राचा नियम पदार्थांची नावं घेऊन बंदी घालत नाही, वर्ग सांगतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०२० साली शाळांसाठी वेगळा नियम झाला. त्यात म्हटलंय की संपृक्त चरबी, ट्रान्स चरबी, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. जाहिरात करायची नाही, फुकटही वाटायचे नाहीत. म्हणजे स्नेहसंमेलनात कुणी कंपनी खोकं भरून शीतपेय "भेट" देत असेल तर तेही त्यातच आलं.
यादी तुम्हालाच करायची आहे. फक्त ती कशी केली हे कागदावर असू द्या. तपासणीला माणूस आला की पहिला प्रश्न "हे कुठल्या आधारावर ठेवलं?" हाच असतो.

सईची आई | १०:०५
सीबीएसई. नाश्ता तिथेच करतात, बिस्किटं, चिप्स, शीतपेयं बाहेरची. परवान्याचं ठेकेदाराला विचारावं लागेल. पोह्यांचं सांगा ना कुणीतरी.

तराजू | १०:२६
पोह्यांकडे येतो. आधी पाकीटबंद माल, कारण तो दहा मिनिटांत निपटतो. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेचा, पदार्थ चाळून घ्यायचा २०१६ चा नमुना घ्या. पाकिटामागच्या तक्त्यातले १०० ग्रॅमचे आकडेच घ्यायचे, "पर सर्व्ह"चे मुळीच नाहीत.
वरून घातलेली साखर गुणिले ४. उत्तर एकूण कॅलरींच्या १० टक्के किंवा वर गेलं तर बाद.
संपृक्त चरबी गुणिले ९. मर्यादा तीच, १० टक्के.
एकूण चरबी गुणिले ९, मर्यादा ३० टक्के. ट्रान्स चरबीला १ टक्का.
सोडियमला गुणाकार नाही. मिलिग्रॅमचा आकडा कॅलरींच्या आकड्याइतका किंवा मोठा असेल तर बाद.
उदाहरणार्थ क्रीमचं बिस्किट: ४९० कॅलरी, साखर २४ ग्रॅम, संपृक्त चरबी ९ ग्रॅम. साखरेच्या ९६ कॅलरी म्हणजे जवळजवळ २० टक्के. चरबीच्या ८१, म्हणजे साडेसोळा. दोन्हीकडे नापास. सुगंधी दुधाची बाटली: १०० मिलीला ८० कॅलरी, वरची साखर ६ ग्रॅम, म्हणजे ३० टक्के. दुधातली स्वतःची साखर यात धरायची नाही, म्हणून "टोटल शुगर" सोडून "अ‍ॅडेड शुगर"ची ओळ वाचा.
मूळ नमुना मोकळी साखर धरतो, आपण पाकिटावरची वरची साखर वाचतो, म्हणून या रीतीत एक भोक आहे. डबाबंद फळांच्या रसात "अ‍ॅडेड शुगर ०" लिहिलेलं असतं आणि तो पास होतो. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मोकळी साखर म्हणूनच धरते. मधही तसाच. तेव्हा रस सरळ बाद करा.

पिंपळपार | १०:३१
गुळाबद्दल कुणी बोललं नाही.

तराजू | १०:३८
पिंपळपारकाका, गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच. थोडं लोह, थोडे क्षार असतात, पण चाळणीला त्याचं कौतुक नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीत वजनाच्या ४० टक्के गूळ धरला तरी १०० ग्रॅमला दीडशेच्या आसपास कॅलरी गुळाच्या, एकूण पाचशेत. म्हणजे ३० टक्के, बिस्किटापेक्षा जास्त. चिक्की ठेवायचीच असेल तर १० ग्रॅमची वडी, आठवड्यातून एकदा, आणि यादीत तसं लिहून.

मोकळा वारा | १०:४४
हे सगळं वाचून कीव येते. आईबापांनी पोराला काय खायला द्यायचं हेही आता दिल्लीहून ठरणार? डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला, लोक गाड्या काढून जर्मनीत लोणी आणायला गेले, जानेवारी २०१३ पासून कर रद्द. आपल्याकडे केरळने २०१६ ला बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के लावला, तो पुढच्याच वर्षी जीएसटीत विरघळला. आणि तो होताही फक्त ब्रँडवाल्या दुकानांवर. कोपऱ्यावरचा कचोरीवाला जणू वाफेवर कचोरी करतो.

उगाचच | १०:४५
आली. तासाभराने, पण आली.

आकडेमोड | १०:५९
मोकळा वारा, उदाहरणं सोयीची निवडलीत. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो लावला. पहिल्या वर्षी खरेदी साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटली, दुसऱ्या वर्षी जवळपास दहा. ब्रिटनचं तर आणखी पाहण्यासारखं. तिथे एप्रिल २०१८ मध्ये कर सुरू झाला तेव्हा १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, ५ ते ८ ला लिटरमागे १८ पेन्स, ८ च्या वर २४. घोषणा मार्च २०१६ ची, मधली दोन वर्षं कंपन्यांना मिळाली आणि बहुतेकांनी कर भरण्याऐवजी साखरच पाचच्या खाली आणली. गिऱ्हाइकाला उपदेश करावा लागला नाही. पायऱ्या असलेल्या कराची खुबी ती.
आपला कर उलटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायू भरलेल्या पेयांवर ४० टक्के, साखरेचं असो की बिनसाखरेचं. मग उत्पादकाने साखर का काढावी? त्याच दिवशी बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५ वर, नमकीन १२ वरून ५ वर. शाळेच्या फाटकाच्या आत बिस्किट "जास्त साखरेचा पदार्थ" आणि फाटकाबाहेर त्याच बिस्किटाला करसवलत.

मोकळा वारा | ११:०३
म्हणजे सरकारला जमत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. धन्यवाद.

आकडेमोड | ११:०६
एका सरकारला एक कर नीट बांधता आला नाही, एवढंच सिद्ध झालं. तुमचं वाक्य त्याच्या चौपट मोठं आहे.

सईची आई | ११:१०
पोहे.

कढईवाला | ११:२८
ताई, पोहे चालतात. वाफेवरचे इंदुरी पोहे म्हणजे कँटीनसाठी सगळ्यात सोपी गोष्ट. बिघडतात ते मिठाने आणि वरच्या सेवेने. १०० प्लेटचं माप घ्या: जाडे पोहे ५ किलो, तेल अर्धा लिटर, शेंगदाणे ८०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅमच्या वर नाही, मीठ ६० ग्रॅम, लिंबं २५, सेव १ किलो. सेव प्लेटला १० ग्रॅम. मूठ मारून घालायची नाही, १० ग्रॅमचा चमचा करून द्या. नाहीतर वाढणारा २५-३० टाकतो आणि सगळा हिशेब सेवेतच जातो. जिरावनात (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) काळं मीठ असतं, म्हणून ते वरून मागणाऱ्यालाच, चिमूटभर.
मीठ कमी केलं की पहिल्या दिवशी ओरड होते. लिंबू आणि कच्चा कांदा वाढवा, चार दिवसांत ओरड थांबते. पोहे भिजवून लगेच निथळा, पातेल्यात पाणी राहिलं तर खाली लगदा होतो. खालच्या भांड्यातलं पाणी उकळतं ठेवा. ते कोमट झालं की पोहे वातड होतात, आणि मग ठेकेदार वरून तेल सोडतो. तिथेच सगळं फसतं.

तराजू | ११:४०
कढईवाल्यांचं माप चाळणीवर ठेवतो. प्लेटला ५० ग्रॅम पोहे म्हणजे १७५ कॅलरी, तेल ४०, दाणे ४५, सेव ५५. एकूण सव्वातीनशेच्या आत. साखर १ ग्रॅम, किरकोळ. मीठ ०.६ ग्रॅम म्हणजे सोडियम साधारण २३५ मिलिग्रॅम, वर सेवेतलं. सोडियममध्ये काठावर पास. मीठ नेहमीसारखं १ ग्रॅम घातलं तर एकट्या मिठातूनच ३९० मिलिग्रॅम, म्हणजे नापास. ६० ग्रॅमवर म्हणूनच अडून राहा.

नेमस्त | ११:५२
तराजू, इथे मला थांबवावं लागेल. तो नमुना कारखान्यात प्रक्रिया केलेल्या मालासाठी आहे, ताज्या शिजवलेल्या पदार्थांसाठी केलेलाच नाही. आणि भारताचा नियम म्हणून तो कुणाला दाखवू नका, तो आपल्याकडचा नाही. सोडियमची कॅलरीशी तुलना केली की हलक्या पदार्थांवर अन्याय होतो. २०० मिली ताकात ५० कॅलरी, अर्धा ग्रॅम मीठ म्हणजे २०० मिलिग्रॅम सोडियम. चौपट! तुमच्या चाळणीतून ताक पडणार आणि खारे काजू कदाचित सोडियममध्ये पास होणार. हा कुठला न्याय?
चिलीसारखी १०० ग्रॅमवरची मोजणी जास्त बरी. तिथे २०१६ पासून पाकिटावर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापतात, २०१९ पासूनच्या मर्यादा अशा: घन पदार्थाला १०० ग्रॅममागे साखर १० ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम, संपृक्त चरबी ४ ग्रॅम, २७५ कॅलरी. पेयाला १०० मिलीमागे साखर ५, सोडियम १००, चरबी ३, कॅलरी ७०. अष्टकोन आला की तो माल तिथल्या शाळेत विकता येत नाही.

तराजू | शनिवार, सकाळी ७:०५
ताकाचं मान्य. पण चिलीच्या मापाने पाणी घालून आकडे खाली आणता येतात, त्याचं काय? सरबतात साखर तीच, पेला मोठा केला की १०० मिलीचा आकडा उतरला. कॅलरीच्या मापात ही चलाखी चालत नाही. खाऱ्या काजूंचं म्हणाल तर ते एकूण चरबीत पडतात, सोडियमपर्यंत पोचतच नाहीत.

नेमस्त | ७:२०
म्हणून दोन्ही लावा. दोन्हीकडे नापास तो बाद, एकीकडे नापास त्यावर समितीने बसून ठरवायचं आणि कारण लिहायचं. पाकिटातलं मसाला ताक घेऊ नका, त्यात मीठ आपल्या हातात नसतं. कँटीनमध्येच घुसळा: २०० मिलीला मीठ ०.४ ग्रॅम, म्हणजे १०० पेल्यांना ४० ग्रॅम, भाजलेलं जिरं आणि पुदिना भरपूर.

दुधी भोपळा | ७:३३
मधुमेह असणाऱ्यांनी रात्री एक चमचा मेथी भिजवून सकाळी चावून खावी. फार गुणकारी.

उगाचच | ७:३५
काका, प्रश्न शाळेच्या कँटीनचा आहे. (दिवे घ्या.)

छप्पन्न भोग | ७:५०
जुलै २०२५ मध्ये सरकारने समोसा-जलेबीवर सिगरेटसारखा इशारा छापायला सांगितलाय ना? मग समोसा ठेवायचा प्रश्नच कुठे येतो?

आकडेमोड | ८:०२
नाही सांगितलं. आरोग्य मंत्रालयाची सूचना कार्यालयांनी दर्शनी भागात तेल आणि साखरेचे माहितीफलक लावावेत एवढीच होती. ठेल्यावरच्या किंवा दुकानातल्या पदार्थांवर इशारा छापायचा, असं त्यात काही नाही, आणि सरकारनेच तसा खुलासाही केला. सगळा गोंधळ मथळ्यांचा.

कढईवाला | ८:१५
समोसा नियमात नावाने बंद नाही, पण ठेवू नका. मैद्याला वनस्पती तुपाचं मोहन, वर तळण. वनस्पतीत ट्रान्स चरबी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, संपृक्त मात्र भरपूर उरते. पामतेलात तर निम्म्याच्या आसपास संपृक्तच. शिवाय कढई आली की तेल परत वापरणं आलं. एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडलं की तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल टाकायचं, असा नियम आहे. पण मोजायचं यंत्र कँटीनवाल्याकडे नसतं, तो रंगावर जातो, आणि रोज वरून ताजं तेल ओतलं की रंग फसवतो. फेस बसत नसेल, नेहमीपेक्षा लवकर धूर येत असेल, झाऱ्याला चिकट थर येत असेल तर तेल गेलं समजा.
तळणच यादीतून काढलं तर हे सगळं प्रकरण संपतं. त्याऐवजी भुट्ट्याचा कीस ठेवा. मका इथे भरपूर, दुधात शिजतो, मिठावर हात आवरला की झालं. इडली ठेवा, पण नारळाची चटणी उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर नको, दाण्याची कोरडी चटणी बरी. मटकीची उसळ गरम ठेवायची तर ६० अंशांच्या वर. गॅस बंद करून झाकून ठेवली तर मधल्या सुट्टीपर्यंत आंबते.

छप्पन्न भोग | ८:२१
भुट्ट्याचा कीस खावा तर सराफ्याच्या खाऊगल्लीतच. घरी ती चव येत नाही.

जिरावन | ८:२४
कारण घरी किसणी बारीक घेतात. जाड किसायचा आणि तुपात आधी परतायचा, दूध नंतर.

मोकळा वारा | ८:३०
आणि ५० मीटरच्या आतल्या ठेलेवाल्याचं काय? त्याची गाडी उचलणार?

नेमस्त | ८:४७
हा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो शाळेला विचारू नका. शाळा ठेलेवाल्याला दंड करू शकत नाही, तो अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा. शाळेने पत्र द्यायचं, नाहीतर फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी तक्रार सेवेवर तक्रार करायची. पण त्याआधी ठेलेवाल्याशी बोला. तो बर्फगोळ्याऐवजी उकडलेला भुट्टा, पेरू, चणे विकायला तयार असेल तर गाडी जागची हलायलाच नको. नियम पदार्थावर आहे, माणसावर नाही. आणि अंतर फाटकापासून सगळ्या दिशांना मोजा, नुसतं समोर बघून फसू नका. मागच्या दारासमोरचं दुकान राहून जातं.

सईची आई | ९:४०
ठेकेदाराशी बोलले. परवाना त्याच्या नावावर आहे म्हणतो, क्रमांक "नंतर देतो". मुलं साधारण ६००. शुगर बोर्डाचं कुणी सांगेल का?

आकडेमोड | १०:१०
सीबीएसईचं परिपत्रक १४ मे २०२५ चं. फलकावर चार गोष्टी हव्यात: रोज किती साखर योग्य, नेहमीच्या पदार्थांत किती असते, जास्त खाल्ल्याने काय होतं, त्याऐवजी काय खावं. त्याच परिपत्रकात म्हटलंय की ४ ते १० वयाच्या मुलांच्या कॅलरींत साखर १३ टक्के, ११ ते १८ वयाच्यांत १५ टक्के, आणि असावी ५ टक्के.
५ टक्के म्हणजे किती हे ग्रॅममध्ये लिहा. १६०० कॅलरीला २० ग्रॅम, २००० ला २५. नुसतं "चमचे" लिहू नका, सपाट चमचा ४ ग्रॅमचा भरतो, शीग भरून ६ च्या वर जातो आणि पालक भांडत बसतात. पाव लिटर शीतपेयात साखर साधारण २६ ग्रॅम. एका बाटलीत दिवस संपला, हे मुलांना लगेच कळतं.
खरी साखर पिशव्यांत भरून फलकावर टांगणार असाल तर तोंड गरम इस्त्रीने बंद करा. टाचणी लावलीत की पावसाळ्यात मुंग्या. आणि पाकीट ७५ ग्रॅमचं असेल तर ७५ चाच हिशेब मांडा. कंपनी "सर्व्ह" २५ चं दाखवते, पोरगं पाकीट अर्धं ठेवून उठत नाही.

तराजू | १०:१८
घटकांची यादीही बघायला शिकवा. वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणून साखरेचे तुकडे करतात: साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. तिन्ही वेगळी लिहिली की मैदा पहिला येतो.

पिंपळपार | १०:२५
मग बिनसाखरेची गोळी घातलेलं सरबत ठेवा की.

नेमस्त | १०:३३
नको. वजन ताब्यात ठेवायला असे गोडवे वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सांगितलंय. मुलांची जीभ तेवढ्याच गोडाची सवय धरते, हा वेगळा तोटा.
ताई, ठेकेदाराचा "नंतर देतो" चालवून घेऊ नका. क्रमांक १४ आकडी असतो, फॉसकॉस या खाद्य परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर आणि कधीपर्यंत ते दिसतं. पत्ता त्याच्या दुसऱ्याच दुकानाचा निघतो, असं फार वेळा होतं. कँटीनच्या जागेचा हवा.

सईची आई | दुपारी १:१५
यादी अशी करते. काढलं: शीतपेयं, डबाबंद रस, सुगंधी दूध, चिप्स, क्रीमची बिस्किटं, समोसा, कचोरी. ठेवलं: पोहे, इडली, उसळ, भुट्ट्याचा कीस, कँटीनमधलं ताक, केळी, पेरू. चिक्की शुक्रवारी, १० ग्रॅम. काही चुकलं का?

कढईवाला | १:३१
६०० मुलं म्हणजे सगळी एकदम खाणार नाहीत, २०० प्लेटचा अंदाज धरून माप दुप्पट करा. मीठ मात्र ११० ग्रॅमलाच थांबवा, लागलं तर दुसऱ्या घाण्याला वाढवा.

तराजू | १:३६
साधी बिस्किटं राहिली. "क्रीमची" म्हटलं की ठेकेदार ग्लुकोजची आणून ठेवेल. नुसतं "बिस्किटं" लिहा.

सईची आई | १:३८
बदललं. क्रमांकही आला, पत्ता खरंच दुसऱ्या दुकानाचा आहे.

छप्पन्न भोग | १:५२
जिरावन, तूप किती घेता किलोभर भुट्ट्याला?